सर्फ-पूर्वानुमान

सर्फ-पूर्वानुमान : किनाऱ्यालगत फुटणाऱ्या लाटांची उंची, आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधील वेळ), दिशा व फुटण्याची तऱ्हा, तसेच त्या वेळचा वारा, भरती-ओहोटी आणि हवामान यांविषयी काही तासांपासून काही दिवसांपर्यंत आधी बांधलेला अंदाज. नौकानयनासाठी दिला जाणारा सागरी अंदाज खोल पाण्यातील लाटांपुरता असतो. सर्फ-पूर्वानुमानात त्याच लाटा उथळ पाण्यात आल्यावर काय होईल, हेही सांगावे लागते. अनुभवी सर्फर, म्हणजे फळीवरून लाटांवर स्वार होणारा, खोल पाण्यातील आकड्यांवरून आपला किनारा मनात उभा करू शकतो. नवशिक्याला ते जमत नाही, म्हणून नवशिक्यांच्या पुळणीसाठी केलेल्या अंदाजात लाटेच्या उंचीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आवर्तकाल, वारा आणि भरतीची वेळ यांना द्यावे लागते.

इतिहास : लाटांचे शास्त्रीय पूर्वानुमान दुसऱ्या महायुद्धातील सैन्य-अवतरणांच्या (समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या) गरजेतून निघाले, यावर अभ्यासकांचे एकमत आहे. पहिलेपणाचा मान कोणाला द्यायचा, याविषयी मात्र नाही. अमेरिकन परंपरा हे श्रेय स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील हाराल्ड स्वेर्ड्रूप आणि वॉल्टर मुंक यांना देते. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अवतरणाची तयारी चालू असताना कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील सरावात लाटा एका मर्यादेपलीकडे गेल्या की होड्या आडव्या होत व सराव थांबवावा लागे. ही मर्यादा निरनिराळ्या कथनांत ५ ते ७ फूट अशी येते. अटलांटिकच्या आफ्रिकी किनाऱ्यावर हिवाळ्यात त्याहून मोठ्या लाटा नेहमीच्या असल्याचे मुंक यांच्या लक्षात आले आणि वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा कालावधी व ज्या पट्ट्यावरून तो वाहतो त्याची लांबी, म्हणजे फेच, या तीन गोष्टींवरून लाटेची उंची काढण्याची पद्धत दोघांनी बसवली. ती १९४७ मध्ये उघडपणे प्रसिद्ध झाली. पुढे ब्रेटश्नायडर यांनी तिच्यात सुधारणा केल्यावर ती तिघांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली.

ब्रिटिश परंपरा वेगळी आहे. ॲडमिरल्टीच्या टेडिंग्टन येथील प्रयोगशाळेत जॉर्ज डीकन यांच्या गटाने कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ पाण्याच्या दाबावरून लाटांच्या सलग नोंदी घेतल्या आणि त्यांचे वारंवारतेनुसार पृथक्करण केले. या गटातील बार्बर व अर्सेल यांच्या १९४८ मधील निबंधाने प्रत्येक आवर्तकालाच्या लाटा आपापल्या समूहवेगाने, म्हणजे त्यांची ऊर्जा ज्या वेगाने पुढे सरकते त्या वेगाने, प्रवास करतात, हे निरीक्षणाने दाखवून दिले. स्पेक्ट्रमवर, म्हणजे लाटांच्या ऊर्जेच्या वारंवारतेनुसार केलेल्या विभागणीवर, आधारलेले पहिले संगणन-प्रारूप मात्र बहुधा फ्रेंच संशोधक जेल्सी व सहकारी यांचे (१९५६-५७) मानले जाते. रोजच्या वापरातील पहिली पद्धत अमेरिकन, तर आजच्या प्रारूपांचा पाया ब्रिटिश व फ्रेंच कामात, अशी विभागणी केली तर हा वाद बराच निवळतो. लोकप्रिय लेखनात मात्र सारी कथा नॉर्मंडीच्या अवतरणापाशी आणून संपवण्याकडे कल असतो. जून १९४४ मध्ये लाटांचे अंदाज दिले गेले हे खरे असले, तरी ५ जूनचा बेत एक दिवस पुढे ढकलण्यामागे वारा व ढग यांचाही मोठा वाटा होता.

१९६३ मध्ये मुंक व सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत निरीक्षण-केंद्रांची ओळ उभारून दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटांचा पॅसिफिकभर माग काढला. वादळाच्या क्षेत्राबाहेर पडल्यावर दीर्घ आवर्तकालाच्या लाटांची ऊर्जा हजारो किमी. अंतरात फारच थोडी घटते, हे त्यातून दिसले. उत्तर समुद्रातील प्रयोगांवरून हासेलमान व इतरांनी १९७३ मध्ये मांडलेला जॉनस्वॅप स्पेक्ट्रम, १९८८ चे वॅम प्रारूप, त्यानंतरचे वेव्हवॉच-३ आणि उथळ पाण्यासाठी डेल्फ्ट येथे तयार झालेले स्वॉन हे पुढचे टप्पे होत. सर्फरांसाठी स्वतंत्र सेवा त्या मानाने उशिरा आली. कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये दूरध्वनीवरून सशुल्क माहिती देणारी सर्फलाइन ही तिच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक.

लाटेची उंची : अंदाजातील उंचीचा आकडा कोणत्याही एका लाटेचा नसतो. तो ‘लक्षणीय उंची’चा असतो, म्हणजे ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. ही व्याख्या स्वेर्ड्रूप-मुंक यांची. होड्यांचे तांडेल नजरेने जो अंदाज देत, त्याच्याशी मोठ्या तिसऱ्या हिश्श्याची सरासरी जुळत असल्याने ती निवडली, असे मुंक सांगत. ही हकीकत बऱ्याच नंतरच्या आठवणींवर आधारलेली आहे. तरी निरीक्षकाची नजर लहान लाटांकडे दुर्लक्ष करते, हे नंतरच्या अनुभवाशी सुसंगत आहे. आजची प्रारूपे हा आकडा लाटा मोजून न काढता स्पेक्ट्रममधील एकूण ऊर्जेवरून काढतात आणि दोन्हींत थोडा फरक पडतो. खोल पाण्यात सर्व लाटांची सरासरी लक्षणीय उंचीच्या सुमारे ०·६३ पट भरते, तर हजार लाटांतील सर्वांत मोठी लाट पावणेदोन ते दोन पट असू शकते. १० सेकंदांच्या लाटा असतील तर हजार लाटा यायला पावणेतीन तास लागतात. म्हणजे ‘१ मी.’ वाचून दुपारभर पाण्यात राहणाऱ्याने जवळपास २ मी.ची एखादी लाट गृहीत धरावयास हवी.

गोंधळाचे दुसरे मूळ मोजण्याच्या रूढीत आहे. बहुतेक ठिकाणी लाटेचा दर्शनी भाग, द्रोणीपासून (लाटेपुढील खळग्यापासून) शीर्षापर्यंत, मोजतात. हवाईमध्ये मात्र त्याच लाटेला सुमारे निम्मा आकडा देण्याची रीत आहे. ती कशी पडली याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तेथे लाट मागील बाजूने मोजली जात असे. दुसऱ्यानुसार जाणकार सर्फरांनी आणि जीवरक्षकांनी आकडा मुद्दाम कमी सांगण्याची पद्धत पाडली. पहिले मत अधिक पसरलेले आहे. पण पाण्यात बसलेल्या माणसाला लाटेची मागील बाजू मोजण्याजोगी क्वचितच दिसते, त्यामुळे ते मागाहून जोडलेले स्पष्टीकरण वाटते. मूळ काहीही असो, ‘३ फूट’ असा शब्द ऐकून पाण्यात उतरलेल्या पाहुण्या नवशिक्यापुढे डोक्याएवढी लाट उभी राहू शकते. त्यामुळे आकडा कोणत्या रूढीतला आहे, याची चौकशी आधी करावी लागते.

आवर्तकाल : लागोपाठच्या दोन शीर्षांमधील वेळ. स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटांचा आवर्तकाल साधारण ३ ते ७ सेकंद असतो व त्या विस्कळीत येतात. दूरच्या वादळातून निघून नीट रांगेत आलेल्या लाटांना स्वेल म्हणतात; त्यांचा आवर्तकाल बहुधा १० सेकंदांहून अधिक असतो. खोल पाण्यात लाटेची ऊर्जा आवर्तकालाच्या ०·७८ पट इतके मीटर दर सेकंदाला पुढे सरकते. म्हणून १४ सेकंदांचा स्वेल दिवसाला सुमारे ९४० किमी. जातो व ३,००० किमी. अंतर तीन दिवसांहून किंचित अधिक काळात कापतो. १८ सेकंदांचा स्वेल तेच अंतर अडीच दिवसांत कापतो. त्यामुळे नव्या स्वेलची सुरुवात लांब आवर्तकालाच्या पण कमी उंचीच्या लाटांनी होते. किनारा दहा-पंधरा मिनिटे जवळजवळ सपाट दिसतो, शिकाऊ मंडळी कंबरभर पाण्याच्या पुढे सरकतात, आणि मग एकापाठोपाठ चार-पाच लाटा येतात. अंदाजात तेव्हा ‘०·४ मी., १८ सेकंद’ एवढेच छापलेले असते. या नोंदीतील दुसरा आकडाच इशाऱ्याचा असतो.

उथळ पाण्यात आल्यावर आवर्तकालाचा परिणाम वाढतो. पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो : ८ सेकंदांच्या लाटेला सुमारे ५० मी. खोलीवर, १४ सेकंदांच्या लाटेला सुमारे १५० मी. खोलीवर. कोमर व गॉगन यांच्या सूत्रानुसार खोल पाण्यातील १ मी. उंचीची लाट ६ सेकंदांची असल्यास साधारण सव्वा मीटर, तर १४ सेकंदांची असल्यास पावणेदोन मीटर उंच होऊन फुटते. लाटा किनाऱ्यावर सरळ येत असतील आणि तळ साधा उताराचा असेल, हे यात गृहीत आहे. पुढे आलेल्या भूशिरांवर लाटा एकवटतात व उपसागराच्या कुशीत पसरून मंदावतात. शिकाऊंसाठी निवडलेल्या बऱ्याच पुळणी अशा कुशीतल्याच असतात आणि खोल पाण्यातील आकड्यापेक्षा तेथे लाटा कितीतरी लहान निघतात.

फुटण्याची तऱ्हा : साधारण नियम असा, की लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीवर ती फुटते. ती कशी फुटेल हे तळाचा उतार आणि लाटेच्या तीव्रतेचे (उंची भागिले तरंगलांबी) वर्गमूळ यांच्या गुणोत्तरावर ठरते. या गुणोत्तराला इरिबारेन अंक म्हणतात. तो ०·५ हून कमी असल्यास शीर्षावरून फेस हळूहळू घरंगळतो. ०·५ ते ३·३ दरम्यान लाट पुढे वाकून कोसळते. त्याहून अधिक असल्यास न फुटताच किनाऱ्यावर चढते. घरंगळणारी लाट शिकणाऱ्याला सर्वांत सोयीची, कारण तिचा जोर लांब अंतरात वाटला जातो. आता २५ मीटरला १ मीटर उतार असलेली पुळण घेतली, तर १ मी. उंच व ८ सेकंदांच्या लाटेचा अंक ०·४ येतो, म्हणजे लाट घरंगळते. त्याच पुळणीवर तेवढीच उंच पण १४ सेकंदांची लाट आली तर अंक ०·७ होतो आणि ती कोसळते. उंची बदललेली नाही, किनारा तोच आहे. ५० मीटरला १ मीटर इतका मंद उतार असेल तर दोन्ही लाटा घरंगळतातच. मंद उताराच्या रुंद पुळणी शिकण्यासाठी का पसंत केल्या जातात, ते यावरून कळते. या मर्यादा प्रयोगशाळेतील सरळ उतारांवरून आलेल्या आहेत. वाळूचे दांडे असलेल्या खऱ्या तळावर त्या काटेकोरपणे लागू करणे युक्त नाही.

वारा : समुद्राकडून किनाऱ्याकडे येणारा जोराचा वारा लाटा विस्कटतो. किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा वारा लाटेचा दर्शनी भाग गुळगुळीत ठेवतो, म्हणून अंदाजांत त्याला चांगले गुण दिले जातात. नवशिक्यांच्या बाबतीत हे गुणांकन फसवे आहे. असा वारा जोराचा असेल तर फळीवर पडून राहिलेल्या थकलेल्या माणसाला तो खोल समुद्राकडे ढकलतो, आणि किनाऱ्यालगतचे पाणी तेव्हाच सर्वांत शांत दिसत असते. स्वच्छ उन्हाच्या दिवसांत पहाटे मतलई वारे मंद असतात व दुपारकडे खारे वारे जोर धरतात. यामुळे सकाळची वेळ सहसा बरी ठरते.

भरती-ओहोटी : हिचे गणित चंद्र-सूर्यांच्या गतीवर आधारलेले असल्याने सर्व घटकांत हे सर्वांत भरवशाचे. पुष्कळ पुळणींचा वरचा भाग तीव्र व खालचा मंद उताराचा असतो. अशा ठिकाणी पूर्ण भरतीला लाटा तीव्र भागावर येऊन थेट वाळूवर आदळतात, मधल्या पाण्यात त्या अधिक सौम्य असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा बदल झपाट्याने होतो, अष्टमीच्या सुमारास भांगाला सावकाश.

ओढीचे प्रवाह : फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी अरुंद वाटेने परत जाते, या प्रवाहांना रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये फेस नसलेला गडद पट्टा, अशी त्यांची खूण असते. नवशिक्याला तोच पट्टा उतरायला सोपा वाटतो. लाटा किनाऱ्यावर सरळ येत असताना, आवर्तकाल लांब असताना आणि ओहोटीला हे प्रवाह सामान्यतः बळावतात. अमेरिकेच्या नोआ या सागर व हवामानविषयक सरकारी संस्थेने २०२१ पासून त्यांच्या संभाव्यतेचा देशव्यापी अंदाज देण्यास सुरुवात केली. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहावे, हा जुना सल्ला. कॅलिफोर्निया, फ्रान्स व इंग्लंड येथे सोडलेल्या तरंगत्या उपकरणांपैकी बहुतेक वर्तुळाकार फिरून उथळ पाण्यात परत आल्याचे मॅकमाहन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, तेव्हापासून तरंगत राहण्याचा सल्लाही पुढे आला. कोणतीही एकच युक्ती सर्वत्र चालत नाही, हे मत पुढील प्रयोगांनंतर अधिक ग्राह्य ठरते. फळी न सोडणे आणि हात उंचावून मदत मागणे याबाबत मात्र मतभेद नाही.

इतर हवामान : वीज हा सर्वांत तातडीचा धोका, शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर ३० मिनिटे पाण्यात जाऊ नये, असा सर्वमान्य संकेत आहे. पाण्याचे तापमान १५° से. च्या खाली असल्यास अचानक थंडीच्या धक्क्याने श्वास अनियंत्रित होऊ शकतो. हवा उबदार असली तरी हा धोका टळत नाही.

विश्वसनीयता : वादळ होऊन गेलेले असेल व स्वेल वाटेत असेल, तर तीन-चार दिवसांचा अंदाज चांगला ठरतो, तरंगते बोये आणि उपग्रहांवरील उंचीमापक यांच्या नोंदींनी तो वाटेतच दुरुस्त होत राहतो. अजून न झालेल्या वादळावर आधारलेला आठवड्यापलीकडचा अंदाज केवळ कल सांगतो. स्थानिक वाऱ्याचा अंदाज त्याहून लवकर ढिला पडतो, कारण जागतिक प्रारूपांची जाळी साधारण १० ते २५ किमी. रुंदीची असते आणि एखाद्या टेकडीआडची पुळण तिच्यात दिसतच नाही. वाळूचे दांडे तर एका वादळात जागा बदलतात, आणि बहुतेक सेवांकडील तळाचे नकाशे त्याआधीचे असतात.