'नॉट डिटेक्टेड' म्हणजे गेला नव्हे

परवा रंकाळ्यावर चहा घेताना एकानं मोबाईलवर फॉरवर्ड दाखवला, अमुक काढा तीन महिने घ्या, एचआयव्ही मुळापासून गायब. पुरावा काय, तर व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणाऱ्या तपासणीचा, कागद आणि त्यावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. अहो, एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांची, गोळी रोज घेणाऱ्या बहुतेकांचा रिपोर्ट असाच येतो, त्यात काढ्याचं काय कौतुक! आणि ती गोळी बंद केली की दोन-तीन आठवड्यांत विषाणू बहुतेकांच्या रक्तात परत हजर.

मग तोवर लपतो कुठं? तो स्वतःच्या आरएनएचा डीएनए करून आपल्या सीडी४ पेशीच्या (रोगाशी लढणारी पांढरी पेशी) डीएनएतच चिकटवून टाकतो, आणि पेशी विश्रांतीला गेली की हाही गप्प. असे लपलेले साठे १९९७ मध्ये सापडले. विश्रांतीतल्या दहा लाख पेशींत जेमतेम एखादी अशी, पण गोळ्या चालू असतानाही हा साठा निम्मा व्हायला साधारण ४४ महिने लागतात.

आता मला आवडणारी गोष्ट. गप्प असला तरी तो अधूनमधून थोडे निरोप, म्हणजे प्रथिनं बनवायच्या सूचना असलेले एमआरएनए, काढतच असतो, आणि इथं आपल्याच पेशीचे मायक्रोआरएनए आडवे येतात. जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे हे. १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत पहिला सापडला, त्यासाठी अॅम्ब्रोस आणि रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. केसात लावायच्या पिनेसारखा दुमडलेला लांब आरएनए आधी ड्रोशा नावाचं एन्झाइम कापतं, मग डायसर नावाचं कापतं, उरलेला तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो, आणि त्याची दोन ते आठ नंबरची अक्षरं ज्या निरोपाच्या शेपटीशी जुळली त्याचं प्रथिन होऊ देत नाही. एचआयव्हीचे निरोप कसेही कापले-जोडले तरी सगळ्यांची शेपटी एकच, त्यामुळं शेपूट धरली की जवळजवळ सगळेच सापडतात! २००७ मध्ये मिर-२८, १२५बी, १५०, २२३ आणि ३८२ हे पाच जण हेच करताना दिसले. विश्रांतीतल्या पेशीत ते जास्त, पेशी जागी झाली की कमी.

पण थोडे निरोप अडवून एवढा फरक का पडावा? कारण टॅट. हे विषाणूचं प्रथिन त्याच्याच निरोपांचं उत्पादन वाढवतं, निरोप वाढले की टॅट वाढतं, की अजून निरोप. राधानगरी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात ना, तसंच, फक्त इथं दरवाजा उघडल्यावर पाणी उतरत नाही, उलट वाढतच जातं. मायक्रोआरएनए पातळी तिथंवर पोचूच देत नाहीत. एकटे तेच नाहीत म्हणा, डीएनए घट्ट गुंडाळलेला असणं हेही विषाणू गप्प राहण्याचं मोठं कारण आहे.

आता विषाणूला मुद्दाम उठवायचं आणि मारायचं, अशी 'शॉक अँड किल' कल्पना आहे. वरचे पाच अडवले तर गोळ्या चालू असलेल्या रुग्णांच्या पेशींतून विषाणू बाहेर येतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. "इलाज सापडला" म्हणून लगेच हेडिंग करू नका मात्र. एकेक मायक्रोआरएनए आपल्याही ढीगभर जीन्सवर लगाम ठेवून असतो, तो सोडला की तीही उधळणार, आणि जागी झालेली पेशी स्वतःहून मरेलच असंही नाही.