विद्यार्थ्यांची कोर्टभेट: अर्ज नेमका कुठे अडतो?

आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या शाळा-महाविद्यालयांचे कोर्टभेटीचे अर्ज माझ्या पाहण्यात बहुतेकदा एकाच कारणाने लटकले आहेत. सर लोक एकाच पत्रात लिहितात, 'विद्यार्थ्यांना कामकाज दाखवावे आणि जुन्या खटल्याच्या कागदांच्या प्रती द्याव्यात.' भेट आणि नक्कल (कागदाची प्रमाणित प्रत) ही दोन वेगळी कामं, वेगळी टेबलं. पत्र मग दोन्हीकडे फिरतं आणि कुठलंच टेबल ते आपलं मानत नाही.

भेटीचं सोपं आहे. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या नावे लेटरहेडवर पत्र, प्राचार्यांची सही-शिक्का, मुलांची यादी, सोबतच्या शिक्षकांचे मोबाइल नंबर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत पाठवलंत तर बरं. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. कायद्याची माहिती लोकांपर्यंत नेणं हे त्यांचं कामच आहे. विषयात 'शैक्षणिक सहल' लिहू नका, 'न्यायालयीन कामकाज व अभिलेख यांची माहिती' लिहा. सहल म्हटलं की बाबू आधी डबे खायला जागा नाही हेच सांगतो.

तारीख मात्र नीट बघा. दुसरा आणि चौथा शनिवार कोर्ट बंद, मे महिन्यात उन्हाळी सुट्टी. परीक्षा संपल्यावर निवांत जाऊ म्हणणारे नेमके तेव्हाच येतात. एकदा गेटवर एक पोरगा म्हणाला, "सर, हाई ते बंदच शे!" चाळीस मुलं उन्हात उभी होती.

आत गेल्यावर सगळंच बघता येईल असंही समजू नका. कोर्ट खुलं असलं तरी पोक्सोचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे, खटले बंद दाराआड चालतात, बलात्काराचेही. प्रकल्पाच्या वहीत पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहू देऊ नका. अशी ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. मोबाइल बंद.

आता नक्कल. इथे सगळ्यात जास्त अर्ज परत येतात. 'कोर्टाचा निकाल सार्वजनिक दस्तऐवज आहे ना, मग द्या,' असं मुलं पुस्तकातून पाठ करून येतात. भारतीय साक्ष अधिनियम 2023 चं कलम 74 त्याला सार्वजनिक म्हणतं, हे खरं. पण कलम 75 म्हणतं की ज्या दस्तऐवजाची पाहणी करण्याचा हक्क आहे, त्याची नक्कल मिळेल. तुम्ही खटल्यात पक्षकार नसाल तर त्रयस्थ ठरता, आणि त्रयस्थाला नक्कल कशासाठी हवी ते सांगून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. 'प्रकल्पासाठी' एवढ्याने भागत नाही. कोणत्या प्रकरणातला कोणता कागद, हे लिहा.

काही जण हुशारी करून दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात मागतात. ते पैसे वाचवा. न्यायिक कागदांच्या प्रती कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे.

खरी अडचण प्रकरण क्रमांकाची. तो कुणाकडेच नसतो. 'आमच्या गावच्या बांधाचा दावा' एवढीच ओळख असते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. सापडल्यास सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टिपून घ्या. पुष्कळदा निकाल तिथेच फुकट वाचायला मिळतो, मग अर्ज कशाला? सातबारा-फेरफार हवा असेल तर तो कोर्टात शोधत बसू नका. ते महसुलाचं दप्तर.

जुन्या प्रकरणांना आणखी एक गाठ आहे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, त्याआधी तो धुळ्यातच होता. तेव्हा जुन्या दाव्याची चौकशी दोन्हीकडे करा. मुदत संपलेले कागद कायद्यानेच नष्ट करतात, म्हणून आधी कागद शिल्लक आहे का ते विचारा आणि मगच कोर्ट फी स्टॅम्प घ्या. फार जुनी खतपत्रं असतील तर मोडी वाचणारं माणूसही सोबत न्या.