‘डाउन’ म्हणजे टेकडी

सर्व्हर डाउन असतो, बॅटरी डाउन होते, कर्जतहून रोज मुंबईला नोकरीला येणारा माणूस ‘अप-डाउन’ करतो. मराठीत इतका मुरलेला हा शब्द मूळचा टेकडीचा. पायथ्याचा नव्हे, उताराचाही नव्हे, खुद्द टेकडीचा.

साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत टेकडीला ‘डून’ म्हणत. (डेहराडूनमधला ‘डून’ निराळा, तो दरीचा.) तिथून उतरणाऱ्याविषयी ‘ऑव्ह डूने’ असं म्हटलं जाई. आज ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे दोन शब्द आहेत, तेव्हा तो एकच होता आणि त्याचा अर्थ ‘-वरून’, ‘-पासून’. म्हणजे ‘ऑव्ह डूने’ हे आपलं साधं ‘टेकडीवरून’. बोलता बोलता पुढचा भाग झिजला, ‘अडूने’ झालं, मग तो ‘अ’सुद्धा गळाला. गंमत अशी, की ‘वरून’ सांगणारा तुकडा गेला तरी त्याचा अर्थ टेकडीला चिकटून राहिला, आणि टेकडीच ‘खाली’ म्हणू लागली. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीतला दीर्घ ऊकार बदलू लागला. ‘हूस’चं ‘हाउस’ झालं, ‘मूस’चं ‘माउस’, तसंच ‘डून’चं ‘डाउन’.

नाम म्हणून हा शब्द मेला मात्र नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या खडकाच्या गवताळ टेकड्यांच्या दोन रांगा आहेत, नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स. डोव्हरचे पांढरे कडे म्हणजे नॉर्थ डाउन्सचं समुद्राकडचं टोक. साउथ डाउन्सला २०१० साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. इंग्लिश डर्बी ही घोड्यांची शर्यत १७८० पासून जिथे धावते ते एप्सम डाउन्सही याच कुळातलं. वाळूच्या ढिगाला म्हणतात तो ‘ड्यून’ हाही याच शब्दाचा भाऊ, फक्त डच आणि फ्रेंच असा वळसा घालून इंग्रजीत परतलेला.

गावांच्या नावांत तर टेकडी जागोजागी लपलेली आहे. विम्बल्डन ही कुणा एकाच्या नावाची टेकडी, स्विंडन ही डुकरांची. पण शेवटी ‘डन’ दिसला की टेकडी, असं धरून चालू नये. क्रॉयडन ही केशराची दरी आहे, तिथला शब्द ‘डेनू’. स्थलनामांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांनी दाखवून दिलं, की जुने लोक कुठल्याही उंचवट्याला डून म्हणत नसत. माथा सपाट आणि रुंद हवा, वर गाव वसवता यायला हवं. ‘पठार’, ‘टेकाड’, ‘सुळका’ यांत आपण गल्लत करत नाही, तसंच ते.

लेस्टरशायरमधलं ‘ब्रीडन ऑन द हिल’ हे माझं आवडतं उदाहरण. ब्रिटनच्या आधीच्या केल्टिक रहिवाशांच्या भाषेत ‘ब्रे’ म्हणजे टेकडी. नंतर आलेल्या इंग्रजीभाषकांना ते नुसतं नाव वाटलं, म्हणून त्यांनी पुढे ‘डून’ जोडलं. ७३१ साली बीड या भिक्षूने लिहिलेल्या इतिहासात हे नाव ‘ब्रिउडून’ असं येतं. पुढे ‘डून’चाही अर्थ विसरला गेला आणि ‘ऑन द हिल’ लावावं लागलं. टेकडीवरची टेकडी-टेकडी! हसण्यापूर्वी आपलं ‘सह्याद्री पर्वत’ आठवावं. ‘अद्रि’ म्हणजे पर्वतच.

‘हिल’ हाही तितकाच जुना शब्द, लॅटिनमधल्या ‘कॉलिस’चा नातलग. ‘डाउन’कडे खाली दाखवायचं काम गेल्यावर रोजच्या टेकडीसाठी ‘हिल’ पुढे आला असावा, हा माझा तर्क. ‘डाउनहिल’ या शब्दात तर दोघेही आहेत: मुळाप्रमाणे वाचलं तर ‘टेकडीवरून टेकडी’.

रेल्वेचा अप-डाउन इंग्लंडहून आला. तिकडे लंडनकडे जाणारी गाडी अप, लंडनहून निघणारी डाउन. मध्य रेल्वेवर लंडनच्या जागी मुंबई आली. त्यामुळे मुंबईहून पुण्याला निघालेली डाउन गाडी कर्जत सोडल्यावर बोरघाटात ५०० मीटरहून जास्त चढते, दर ३७ फुटांना १ फूट अशा चढाने. १८६३ साली ही वाट खुली झाली. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पैशांच्या बँकेशी त्यांचा संबंध नाही. तिकडच्या रेल्वेच्या बोलीत ‘बँक’ म्हणजे चढ, आणि हा ‘बँक’ शब्दही मुळात मातीच्या उंचवट्याचाच.