डॉलर प्रिन्सेस

ब्रिटिश उमराव घराण्यांत लग्न करून गेलेल्या धनाढ्य अमेरिकन वारसकन्यांना रूढ झालेले नाव. अशी बहुसंख्य लग्ने साधारणपणे १८७० ते १९१४ या काळात झाली.

प्रथेच्या आरंभाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो बॉल्टिमोरच्या केटन भगिनींपर्यंत मागे नेतात. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या चार्ल्स कॅरलच्या या नाती. त्यांपैकी मॅरिअनने १८२५ मध्ये मार्क्वेस वेलस्लीशी लग्न केले. वसईचा तह झाला तेव्हा हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल असलेला तो हाच. लुईझा पुढे लीड्सची डचेस झाली, तर एलिझाबेथ बॅरन स्टॅफर्डची पत्नी. ही उदाहरणे खरी असली, तरी त्यांच्यामागे लगेच रांग लागली नाही. वधूपित्याच्या पैशावर दोन्ही बाजूंच्या वकिलांनी केलेली घासाघीस हे प्रथेचे लक्षण धरले, तर जेनी जेरोम व लॉर्ड रॅन्डॉल्फ चर्चिल यांच्या विवाहापासून (पॅरिस, १५ एप्रिल १८७४) आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उमरावांची नड शेतीतून आली. अमेरिकेचा स्वस्त गहू आगबोटींनी येऊ लागला आणि १८७७ मध्ये क्वार्टरमागे (धान्याचे जुने इंग्लिश माप) सुमारे ५६ शिलिंग असलेला इंग्लंडमधील गव्हाचा भाव १८९४ मध्ये २३ शिलिंगांखाली उतरला. कुळांकडून मिळणारे खंड घटले. ज्येष्ठ पुत्राकडे जाणारी इस्टेट वंशपरंपरेने बांधलेली असल्याने धारकाला ती मनाप्रमाणे विकता येत नसे. लॉर्ड रॅन्डॉल्फच्या मार्लबरो घराण्याला त्यासाठी १८८० मध्ये संसदेकडून खास कायदा करून घ्यावा लागला. मग ग्रंथसंग्रह विकला गेला, आणि १८८५ मध्ये राफाएलचे एक मॅडोना-चित्र ७०,००० पौंडांना नॅशनल गॅलरीकडे गेले.

या लग्नांतला पैसा आपल्याकडच्या हुंड्यासारखा सहसा एकरकमी हाती पडत नसे. मुद्दल विश्वस्तांकडे राही व उत्पन्न तेवढे दिले जाई. वाद होई तो हे उत्पन्न कोणाच्या हाती द्यायचे यावरून. इंग्लिश वकील ते सारे पतीकडे मागत, तर अमेरिकन बाप मुलीचा स्वतंत्र हिस्सा मागे. जेरोमच्या बाबतीत ५०,००० पौंडांवरील सालीना २,००० पौंड नवरा-बायकोत निम्मे-निम्मे करून तोड निघाली. कॉन्स्वेलो व्हँडरबिल्ट व मार्लबरोचा नववा ड्यूक यांच्या करारात (१८९५) बीच क्रीक रेल्वेचे ५० डॉलर दर्शनी किमतीचे ५०,००० शेअर, म्हणजे २५ लाख डॉलर, होते. त्यांवर न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने ४ टक्के लाभांशाची हमी दिल्याने ड्यूकला वर्षाला १ लाख डॉलर तहहयात मिळणार होते. हमी नसलेल्या, नुसत्या शब्दावर ठरलेल्या सालीना रकमेत हीच खात्री नसे: शेअर बाजारात सासरा बुडाला की ती आटे. शिवाय वाड्याच्या छपरावर व डागडुजीवर गेलेला पैसा इस्टेटीत जिरे. पुत्र नसेल, तर वाडा किताबासह दिराकडे किंवा पुतण्याकडे जाई आणि हा पैसा विधवेला परत मिळत नसे. कॉन्स्वेलोचा घटस्फोट १९२१ मध्ये झाला. आईने जबरदस्तीने लावलेले लग्न म्हणून १९२६ मध्ये कॅथलिक धर्मन्यायालयाने ते रद्दबातल ठरवले.

हिंदुस्थानशी थेट संबंध मेरी लायटरचा. शिकागोतील व्यापारी लीव्हाय लायटरच्या या मुलीने १८९५ मध्ये जॉर्ज कर्झनशी लग्न केले आणि १८९९ मध्ये तो व्हाइसरॉय झाल्याने ती व्हाइसरीन, म्हणजे व्हाइसरॉयची पत्नी, म्हणून आली. १९०३ च्या दिल्ली दरबारातील तिचा मोरपिशी पोशाख हिंदुस्थानी कारागिरांनी जरदोजीने भरला होता. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात त्यांनी भुंग्याच्या हिरव्या पंखाची टिकली बसवली. शिवण पॅरिसची. पोशाख आता कर्झन घराण्याच्या इंग्लंडमधील केडल्स्टन वाड्यात आहे.

१९०७ च्या अमेरिकन कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व जाई. १९२२ च्या केबल कायद्याने ही तरतूद बव्हंशी उठली.