जीटी-आरच्या इंजिनात ०डब्ल्यू-४० ऑइलच का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

निसान जीटी-आर (आर३५) वापरणाऱ्या आमच्या सर्व ग्राहकांस सप्रेम नमस्कार.

गाडी सर्व्हिसिंगला आणताना किंवा फोनवर बोलताना एक प्रश्न आम्हाला सातत्याने विचारला जातो : "एवढ्या ताकदीच्या इंजिनाला इतके पातळ ऑइल कसे पुरेल? आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा जाड ऑइल घातलेले बरे नाही का?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षे २०डब्ल्यू-५० ऑइलवर चालल्या, त्यामुळे जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण हा समज घरोघरी रुजलेला आहे. परंतु या इंजिनाच्या बाबतीत तोच समज महागात पडतो. आमच्याकडे जीटी-आरच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ वाटेत कुठेतरी टॉप-अप केलेल्या एखाद्या लिटर चुकीच्या ऑइलमध्ये सापडते. ते शोधण्यात आमचे आणि आपले दोघांचेही दिवस जातात, म्हणून हे पत्रक.

उत्तर ऑइलच्या कॅनवर नाही, इंजिनाच्या रचनेत आहे. आधीच्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये आरबी२६ हे २५६८ सीसीचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, बिडाच्या ब्लॉकचे इंजिन होते. ते दणकट होते, पण लांब आणि जड होते. ऑक्टोबर २००७ मध्ये टोकियो मोटर शोमध्ये आर३५ आली, तेव्हा काझुतोशी मिझुनो यांच्या नेतृत्वाखालील चमूने ते इंजिन बाजूला ठेवून व्हीआर३८डीईटीटी हे पूर्णपणे नवे इंजिन बसवले होते. ते ३७९९ सीसीचे, ६० अंशांच्या कोनात मांडलेले, ॲल्युमिनियम ब्लॉकचे व्ही६ आहे. ते आखूड असल्यामुळे पुढच्या चाकांपासून शक्य तितके मागे सरकवता आले, आणि गिअरबॉक्स तर इंजिनापासून वेगळा काढून थेट मागच्या ॲक्सलपाशी नेला गेला. पुढे वर्षागणिक ताकद ४८० पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) २०१७ च्या मॉडेलमध्ये ५७० पीएसपर्यंत वाढली, तरी ९५.५ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ८८.४ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) यांत बदल झाला नाही. मूळ आराखड्यात किती वाव ठेवलेला होता, हे यावरून कळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये एरवी बिडाचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणारी नळकांडी, बसवतात, कारण पिस्टनच्या रिंगा ॲल्युमिनियमवर थेट घासल्या तर ते टिकत नाही. या इंजिनात लायनरच नाहीत. सुमारे २.६ मिलिमीटर जाडीच्या लायनरऐवजी वितळलेल्या लोखंडी धातूचा प्लाझ्मा फवारा मारून सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर अवघ्या ०.१५ मिलिमीटरचा थर दिलेला आहे. वहीची दोन पाने एकावर एक ठेवली, तर साधारण तेवढी जाडी भरते. त्यामुळे ब्लॉकचे वजन सुमारे ३ किलोने घटले. त्याहून मोठा फायदा म्हणजे ज्वलनाची उष्णता मधल्या जाड लायनरमध्ये न अडकता लगेच ब्लॉकमध्ये आणि तेथून पाण्यात उतरते. फवाऱ्याने तयार झालेल्या या थरात अतिसूक्ष्म छिद्रे असतात, ती ऑइल धरून ठेवतात आणि रिंगा त्या ऑइलच्या पापुद्र्यावरून सरकतात. ही योजना पातळ, लगेच पसरणारे ऑइल गृहीत धरून केलेली आहे. शिवाय या थरावर खोल चरे पडले, तर जुन्या पद्धतीने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, ओव्हरसाइज पिस्टन बसवण्याचा सोपा मार्ग राहत नाही, कारण बोअर करताना थरच निघून जातो.

दुसरी निवड टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याची. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन सिलिंडरना आयएचआय कंपनीचा एकेक स्वतंत्र टर्बो आहे आणि तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डशी एकजीव केलेला आहे. त्यामुळे गरम वायूला टर्बोपर्यंत जायला फार कमी अंतर कापावे लागते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रतिसाद लवकर मिळतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पापुद्र्याचा. वेगाने वळण घेताना टर्बोमधील ऑइलचा प्रवाह खंडित होऊ नये, म्हणून ते खेचून घेणारा वेगळा स्कॅव्हेंज पंपही इथे दिलेला आहे. इनटेक व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्या दाबावरच चालते आणि तिच्या वाहिन्या अरुंद आहेत. सांगायचे एवढेच, की या इंजिनात ऑइल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि त्याखेरीज यंत्रणा हलवण्याचेही काम करते. निसानने या गाडीसाठी ०डब्ल्यू-४० दर्जाचे फुल सिंथेटिक ऑइल ठरवून दिले, ते हे सारे लक्षात घेऊन.

कॅनवरील आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला, तर उन्हाळ्याची शंका आपोआप मिटते. "०डब्ल्यू" हा आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहते हे सांगतो, तर "४०" हा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याची जाडी किती उरते हे सांगतो. म्हणजे गरम झाल्यावर ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइल एकाच दर्जात मोडतात. "शून्य म्हणजे पाण्यासारखे" ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असोत वा महाबळेश्वरला डिसेंबरमध्ये १० अंश, थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर यांमुळे चालत्या गाडीतील ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपासच राहते. फरक पडतो तो सकाळी स्टार्टर फिरवल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत. आपल्याकडच्या उबदार सकाळीसुद्धा २०डब्ल्यू-५० ऑइल ०डब्ल्यू-४० च्या दुपटीहून अधिक घट्ट असते आणि टर्बोपर्यंत व वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला त्याला जास्त वेळ लागतो. इंजिनाची झीज मुख्यतः त्याच वेळात होते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जाड ऑइल घातल्यावर स्क्रीनवरील ऑइल प्रेशरचा आकडा वाढतो आणि तो पाहून समाधान वाटते. प्रेशर म्हणजे ऑइलला वाहताना होणारा अडथळा, बेअरिंगपर्यंत पोहोचणारे प्रमाण नव्हे. ऑइल जास्त घट्ट असेल तर पंपातील रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरेचसे ऑइल पुढे न जाता तिथूनच परत फिरते. आकडा वर गेलेला असताना पुरवठा कमी झालेला असू शकतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्या एका ग्राहकाची गाडी टोईंगवर आली. सकाळी सुरू केल्यावर वरून काही सेकंद टकटक आवाज, नंतर इंजिनाचा दिवा आणि पिकअप मंद, अशी तक्रार होती. आम्ही सेन्सर तपासले, वायरिंग तपासले, टायमिंगची यंत्रणा तपासली, त्यात दीड दिवस गेला. शेवटी ऑइल काढले, तेव्हा पांढऱ्या ट्रेमध्ये ते एकसारखे पसरण्याऐवजी कडेला रेंगाळत होते. फिल्टर कापून पाहिला, सुदैवाने धातूचे कण नव्हते. विचारल्यावर कळले, की दूरच्या प्रवासात पातळी कमी दिसली म्हणून हायवेवरच्या एका दुकानातून दोन लिटर २०डब्ल्यू-५० घातले होते आणि ते सांगायचे राहून गेले होते. फिल्टर बदलून, योग्य ऑइल भरून, थोडे चालवून पुन्हा एकदा ते बदलल्यावर आवाज आणि दिवा दोन्ही गेले. काम अर्ध्या दिवसाचे होते, गाडी मात्र चार दिवस आमच्याकडे राहिली. ऑइल वेगळे आहे एवढे जरी पहिल्या फोनवर कळले असते, तरी तीन दिवस वाचले असते.

याच अनुभवामुळे आमच्या काही पद्धती ठरलेल्या आहेत. त्या काहींना ताठर वाटतात, याची आम्हाला कल्पना आहे. आत कोणते ऑइल आहे हे ठाऊक नसेल, तर आम्ही त्यावर टॉप-अप करत नाही, सर्व ऑइल काढून नवे भरतो आणि त्याचे बिल लावतो. सील तुटलेला कॅन आम्ही वापरत नाही, मग तो ग्राहकाने स्वतः आणलेला का असेना. काढलेल्या ऑइलचा थोडा नमुना पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत जपून ठेवतो आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून आतली घडी आपल्यासमोर उलगडतो. ट्रायल घेताना ऑइलचे तापमान ८० अंशांवर गेल्याशिवाय आमचा मेकॅनिक गाडी ताणत नाही, म्हणूनच ट्रायलला इतर गॅरेजपेक्षा आमच्याकडे जास्त वेळ लागतो. आपणही हीच सवय लावून घ्यावी अशी विनंती आहे. पाण्याचा काटा लवकर वर येतो, ऑइल मात्र सावकाश तापते. या गाडीच्या डॅशबोर्डवरील स्क्रीन पॉलिफोनी डिजिटल या गेम तयार करणाऱ्या कंपनीने आखलेली आहे आणि तीत ऑइलचे तापमान वेगळे दिसते. पाहायचा आकडा तो आहे. बोरघाट जोरात चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता शेवटची काही मिनिटे सावकाश चालवावी, म्हणजे टर्बोला थंड व्हायला अवसर मिळतो. पेट्रोलबाबत थोडक्यात सांगायचे, तर १०० ऑक्टेनचे पेट्रोल पुणे-मुंबईत डिसेंबर २०२० पासून मिळते आणि आम्ही तेच सुचवतो.

आम्ही इतका आग्रह का धरतो, याला आणखी एक कारण आहे. ही इंजिने योकोहामाच्या कारखान्यात हाताने जोडली जात, एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जोडत असे. अठरा वर्षांत हे काम केवळ नऊ कारागिरांनी केले. नंतरच्या मॉडेलमध्ये कारागिराच्या नावाची पट्टीही इंजिनावर बसवलेली दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर३५ बाहेर पडली. सुमारे ४८ हजार गाड्यांनंतर हे उत्पादन आता थांबलेले आहे. भारतात ही गाडी अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि तिची संख्या मुळातच थोडी आहे. आपल्याकडे आहे ते इंजिन सांभाळणे, हाच शहाणा खर्च आहे.

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एक लिटरचा ०डब्ल्यू-४० चा सीलबंद कॅन डिकीत असावा. आमच्याकडे सर्व्हिसिंग केलेल्या प्रत्येक जीटी-आरमध्ये तो आम्ही ठेवून देतो, इतरांना तो काउंटरवर मिळेल. तरीही वाटेत दुसरे ऑइल घालण्याची वेळ आलीच, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतर गाडी जोरात पळवू नये, आणि फोन करताना कॅनच्या मागच्या बाजूचा फोटो, घातलेले प्रमाण व त्या वेळचे किलोमीटर एवढे आवर्जून कळवावे. हे आधी कळले, तर ऑइल आणि फिल्टर तयार ठेवून गाडी त्याच दिवशी संध्याकाळी परत देता येते.