कातळावरचे रान

मे महिन्यातील दुपारी रत्नागिरी किंवा राजापूरजवळच्या एखाद्या सड्यावर उभे राहिले की दूरवर पसरलेला, काळवंडलेला कातळ, त्याच्या भेगांत वाळून गेलेले गवत आणि वरती तापलेली हवा एवढेच दिसते. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पोटखराबा म्हणून होते. येथे नांगर चालत नाही, तेव्हा शेतीपुरती ती नोंद बरोबरच आहे. पण शेतीसाठी केलेली ही वर्गवारी पुढे जमिनीची एकंदर किंमत ठरवू लागते आणि ‘तेथे काही नाही’ हा समज कागदावरून लोकांच्या मनात उतरतो. ऑगस्टमध्ये त्याच जागी गुडघे टेकून बसलेल्या माणसाला मात्र हातभर जागेत अनेक जातींच्या वनस्पती वेगळ्या ओळखता येतात.

सडा म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये वाहिलेल्या लाव्हापासून काळा पाषाण बनला आणि उष्ण, भरपूर पावसाच्या हवामानात दीर्घकाळ त्याचे रासायनिक विघटन होत राहिले. पाण्याबरोबर सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम असे विरघळणारे घटक निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. तोच हा तांबूस, सच्छिद्र जांभा. खाणीतून काढताना तो हत्याराने सहज तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो, हे चिऱ्यांची घरे बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते. मलबारात हाच गुणधर्म पाहून फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ साली या खडकाला, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, लॅटराइट हे नाव दिले. कोकणातले सडे समुद्रापासून फार उंच नसतात, तर घाटमाथ्यावरचे कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. मधल्या खोल दऱ्यांमुळे ही पठारे एकमेकांपासून बेटांसारखी तुटलेली आहेत, आणि बेटांवर जसे घडते तसेच येथेही घडते: इतरत्र न आढळणाऱ्या जाती येथे सापडतात.

सडा समजून घ्यायचा तर त्यावरच्या मातीची खोली बोटाने मोजत जावे. उघड्या कातळावर फक्त दगडफूल आणि शेवाळ तग धरतात. खोलगट भागात दोन-तीन सेंटिमीटर माती साठली आणि तिच्यावरून पाणी झिरपत राहिले की तेथे पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, निळसर सीतेची आसवे आणि लालसर दवबिंदू यांची वस्ती होते. थोडी अधिक माती मिळाली की तेरडा, सोनकी आणि गवते येतात. भेगांत व दगडांच्या आडोशाला कंदवर्गीय वनस्पती आणि लहान झुडपे रुजतात. पाणी साठून राहणाऱ्या उथळ डबक्यांत वायतुरा फुलतो. त्याचा तुरा इंग्रजीतील ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असल्यामुळे त्याला हे गमतीदार नाव मिळाले. शास्त्रीय नावात मात्र सातारा जिल्हा आहे. चार पावलांवर वनस्पतींचा संच बदलतो तो असा, मातीच्या बोटभर फरकाने.

या मातीत पाण्याची कमतरता पावसाळ्यात नसते. असते ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची, कारण मुसळधार पाऊस ही द्रव्ये दरवर्षी धुऊन नेतो. त्यामुळेच येथे कीटकभक्षी वनस्पतींना वाव मिळाला. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकाशी चिकट द्रवाचे थेंब असतात. त्यांना चिकटलेल्या चिलटाचे पाचकरसांनी विघटन होते आणि पान त्यातील पोषकद्रव्ये शोषून घेते. सीतेच्या आसवांची शिकार तर आपल्याला दिसतही नाही. नाजूक फुलांच्या खाली, ओल्या मातीत, या वनस्पतीच्या तंतूंवर सूक्ष्म फुगे असतात. फुगा आतले पाणी बाहेर टाकून आतील दाब कमी ठेवतो. एखाद्या सूक्ष्मजीवाचा दाराजवळच्या केसांना स्पर्श झाला की दार उघडते आणि तो जीव पाण्यासह आत ओढला जातो. या साऱ्याला एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. फुलांच्या गालिच्याची छायाचित्रे काढणाऱ्या किती जणांना पायाखालच्या या सापळ्यांची कल्पना असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आठ महिन्यांची कोरड सोसण्याच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. गेंद, दवबिंदू यांसारख्या वनस्पती एका पावसाळ्यात जीवनक्रम उरकून बीजरूपाने उरतात, तर कंदीलपुष्पे आणि जमिनीवर वाढणाऱ्या आमरी (ऑर्किड) कंद राखून वरचा भाग वाळू देतात. सर्वांत विलक्षण आहेत त्या वाळूनही न मरणाऱ्या वनस्पती. त्रिपोगॉन या प्रजातीतील गवताची पाती जवळजवळ सगळे पाणी गमावून कुरकुरीत होतात आणि पुन्हा भिजली की थोड्याच काळात हिरवी होऊन कामाला लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी उत्तर पश्चिम घाटात अशा ६२ जातींची नोंद केली असून त्यांपैकी बऱ्याच कातळांवर वाढणाऱ्या आहेत. पिकांना दुष्काळ सहन कसा करायला लावावा, याचा अभ्यास करणाऱ्यांना या गवतांत रस वाटतो, तो यामुळे.

प्राण्यांचेही वेळापत्रक पाण्याशी बांधलेले आहे. आंबोलीच्या सड्यावर आढळणारा, अंगाच्या बाजूंना वाघासारखे पट्टे असलेला लहान भेक (टोड, बेडकाचा भाऊबंद) पहिल्या पावसानंतर कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. डबके आटण्यापूर्वी भैकेरांच्या (डिंबकांच्या, म्हणजे शेपटीवाल्या पिलांच्या) वाढीचा सगळा प्रवास पूर्ण व्हावा लागतो. पावसाने मध्येच लांबलचक उघडीप दिली तर ती पिढी जाते. या भेकाला शास्त्रीय नाव मिळाले २००९ साली, म्हणजे अगदी अलीकडे. 

सरड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील सरड्याच्या नराच्या गळ्याखाली निळ्या, काळ्या व नारिंगी रंगांचा पंखा असतो. २०१६ साली त्याच्यासाठी नवी प्रजाती निश्चित करताना संशोधकांनी ‘सरडा’ हा मराठी शब्दच शास्त्रीय नाव म्हणून घेतला. त्याच पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी होते, सरडे संख्येने अधिक होते, माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत होते आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिकट होते. वर फिरणारी पाती आणि जमिनीवरच्या सरड्याचा रंग यांचा संबंध कागदी नोंदींवरून कोणालाच लावता आला नसता.

खाणी, रस्ते आणि गर्दी यांनी होणारे नुकसान डोळ्यांना दिसते. मला अधिक चिंता वाटते ती सद्हेतूने होणाऱ्या नुकसानीची. ओसाड माळ हिरवा करावा म्हणून सड्यावर खड्डे खणले जातात, बाहेरून माती आणून भरली जाते आणि झाडे लावली जातात. कोकणात कलमांसाठी सुरुंग लावून कातळ फोडला जातो. शेतकऱ्याची गरज समजण्यासारखी आहे. पण सड्यावरील बहुतेक वनस्पतींना उघडे ऊन आणि पोषकद्रव्यांची टंचाई हवी असते. माती आणि खत आले की उंच गवते व तणे जोमाने वाढतात आणि बोटभर उंचीचा दवबिंदू त्यांच्या सावलीत टिकत नाही. एकदा फुटलेला कातळ तर पुन्हा सांधत नाही.

सडा ओळखायचा असेल, तर सप्टेंबरातल्या एका रविवारची भेट पुरत नाही. जूनअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याने एकाच ठिकाणी जावे, मीटरभराचा एक चौकोन निवडावा आणि त्यात काय उगवले, काय फुलले, काय वाळले याची तारखेसह वही ठेवावी. चालताना उघड्या कातळावरून चालावे, ओल्या मातीवरून नाही. कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ वनस्पती दिसली, तर तिचे छायाचित्र जरूर काढावे, मात्र नेमके ठिकाण जाहीर करू नये, कारण तिचे कंद खाण्यासाठी उकरले जातात. आणि दगड उलटून पाहण्याचा मोह आवरावा: दक्षिण कोकणातील सड्यांवर पांढऱ्या पट्ट्यांची एक लहानशी पाल दिवसभर अशाच सुट्या दगडांखाली आसरा घेऊन असते, आणि चुकून उचललेला दगड होता त्याच जागी, त्याच बाजूने, हलक्या हाताने परत ठेवावा लागतो.