कार्बन क्रेडिटविषयीचा संशय

एका ठिकाणी टाळलेल्या किंवा शोषून घेतलेल्या हरितगृह वायूचे प्रमाणपत्र दुसऱ्या ठिकाणच्या उत्सर्जकाला विकता येते. हे प्रमाणपत्र म्हणजे कार्बन क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच तापमानवाढ करणारा दुसरा वायू. १९९७च्या क्योटो हवामान करारातील स्वच्छ विकास यंत्रणेने (सीडीएम), म्हणजे विकसनशील देशांतील प्रकल्पांची क्रेडिट श्रीमंत देशांना विकण्याच्या सोयीने, या व्यापाराला जागतिक रूप दिले. त्याविषयीचा संशय हवामानबदल नाकारणाऱ्यांच्या आक्षेपांपेक्षा वेगळा आहे. त्याची मांडणी मुख्यतः हवामानबदल मान्य असलेल्या संशोधकांनी, प्रकल्पांची कागदपत्रे तपासून केली आहे.

क्रेडिट ही मुळात वजाबाकी आहे. प्रकल्प नसता तर जे उत्सर्जन झाले असते त्यातून (याला बेसलाइन म्हणतात) प्रत्यक्ष उत्सर्जन वजा करायचे आणि उरेल तेवढी क्रेडिट द्यायची. यातला दुसरा आकडा मोजता येतो. पहिला कुणी पाहिलेलाच नसतो, तो गृहीत धरावा लागतो आणि फुगवण्याची संधी तिथेच असते. बेसलाइन जितकी वर, तितकी विकणाऱ्याची कमाई जास्त आणि घेणाऱ्याला माल स्वस्त. पडताळणी करणाऱ्या संस्थेची फीसुद्धा प्रकल्पचालकच देतो. दुधात पाणी घातले तर गिऱ्हाईक भांडते. इथे गिऱ्हाइकाला दूध प्यायचेच नसते, त्याला पावती हवी असते.

याचे सर्वात उघड उदाहरण एचएफसी-२३चे. शीतकरणात वापरला जाणारा एचसीएफसी-२२ बनवताना हा वायू दीड ते तीन-चार टक्के प्रमाणात आपोआप तयार होतो. तो जाळून टाकला की क्रेडिट मिळत. क्योटोच्या पहिल्या पर्वात त्याची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट धरली होती. म्हणजे एक टन एचसीएफसी-२२मागे तीन टक्क्यांनी ३० किलो एचएफसी-२३ आणि त्यामागे ३५१ क्रेडिट. क्रेडिटला १० युरो धरले तरी ३,५१० युरो झाले. जाळण्याचा खर्च मात्र एका क्रेडिटमागे एक युरोहूनही कमी. मुख्य उत्पादनापेक्षा टाकाऊ वायूच किफायतशीर ठरला. काही कारखान्यांत क्रेडिट मिळत नव्हते त्या काळात हा वायू कमी तयार होत होता आणि क्रेडिट सुरू होताच त्याचे प्रमाण वाढले, असे नोंदींतून दिसले. युरोपीय संघाने १ मे २०१३पासून आपल्या बाजारात ही क्रेडिट नाकारली. भारतातही पाच कारखाने होते. ऑक्टोबर २०१६मध्ये केंद्र सरकारने त्यांना हा वायू स्वखर्चाने जाळण्याचा आदेश दिला, म्हणजे जे काम आधी क्रेडिटच्या पैशावर चालले होते ते एका आदेशाने करून घेता येत होते.

दुसरा प्रश्न अतिरिक्ततेचा: क्रेडिटचे पैसे नसते तर प्रकल्प उभाच राहिला नसता का? सीडीएममध्ये हे बहुधा गुंतवणुकीवरील परताव्याने सिद्ध केले जाई. परतावा ठरावीक मर्यादेखाली दाखवायचा आणि क्रेडिट धरले की प्रकल्प परवडतो म्हणायचे. पवनचक्कीच्या वार्षिक वीजनिर्मितीचा अंदाज एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे केला तरी उत्तर बदलते. महाराष्ट्रात साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्याच्या साक्री भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्यामागे ठोस कारणे आधीच होती: पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून आयकर वाचवण्याची सोय आणि राज्य वीज नियामक आयोगाने २००३मध्ये ठरवलेला युनिटला साडेतीन रुपयांचा, दरवर्षी १५ पैशांनी वाढणारा दर. क्रेडिटची रक्कम या हिशेबात वरकड होती. अर्थशास्त्रज्ञ राफाएल कॅलेल आणि सहकाऱ्यांनी भारतातील पवन प्रकल्प तपासले तेव्हा किमान ५२ टक्के क्रेडिट, एरवीही उभे राहिले असते अशा प्रकल्पांना गेल्याचे आढळले. जर्मनीच्या ओको इन्स्टिट्यूटने २०१६मध्ये तपासलेल्या सीडीएम प्रकल्पांपैकी ८५ टक्क्यांत घट अतिरिक्त आणि न फुगवलेली असण्याची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष काढला होता.

सुधारित चुलींच्या प्रकल्पांत घोळ गुणाकारात असतो. घरटी वर्षाला तीन टन सरपण आणि नव्या चुलीने ४० टक्के बचत धरली तर १.२ टन लाकूड वाचते. टनाला सुमारे १.७५ टन कार्बन डायऑक्साइड या हिशेबाने २.१ टन झाले. पण तोडलेले लाकूड पुन्हा उगवत असेल तर त्याचे उत्सर्जन मोजत नाहीत, म्हणून न उगवणाऱ्या सरपणाचा वाटा लावतात. तो ९० टक्के धरला तर १.९ क्रेडिट, ३० टक्के धरला तर ०.६३. शिवाय घरात गॅस आणि नवी चूल आली तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी जुन्या चुलीवरच होत असते. नवी निम्माच वेळ पेटली तर उरते ०.३२. एकच चूल, आणि उत्तरात सहापट फरक! २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाहिलेल्या चूल प्रकल्पांनी सरासरी ९.२ पट जादा क्रेडिट घेतल्याचे दिसले.

जंगल वाचवण्याच्या क्रेडिटमध्ये ‘हे जंगल एरवी तुटलेच असते’ हे गृहीतक असते. २०२३मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील अभ्यासाने १८ प्रकल्पांच्या अपेक्षित ८.९ कोटी क्रेडिटपैकी सुमारे ६ टक्क्यांमागेच खरी घट असल्याचे दाखवले. झाडांना आगीचाही धोका असतो. कॅलिफोर्नियाने त्यासाठी काही क्रेडिट राखीव ठेवली होती. शंभर वर्षांच्या वणव्यांसाठी काढलेला वाटा दहा वर्षांच्या आतच जवळपास संपला.

सगळी क्रेडिट सारखी संशयास्पद नसतात. कचराडेपोतील मिथेन नळीने गोळा करून जाळला तर तो प्रवाहमापकावर दिसतो आणि वायू विकून पैसे मिळत नसतील तर अतिरिक्ततेचा वादही कमी राहतो. मात्र तो जाळणे कायद्यानेच बंधनकारक असेल तर क्रेडिट निरर्थक ठरते.

खरेदीदाराने नोंदवहीतील अनुक्रमांक, घट झाल्याचे वर्ष आणि क्रेडिट कोणाच्या नावे रद्द केले (म्हणजे वापरून कायमचे बाद केले) हे पाहावे. रद्द न केलेले क्रेडिट पुन्हा विकले जाऊ शकते. क्रेडिट परदेशी गेले तर यजमान देशाने तेवढी घट आपल्या हिशेबातून वगळली का, हेही तपासावे, नाहीतर एकच घट दोनदा मोजली जाते. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमात अशा दुरुस्तीची तरतूद आहे. भारताने २०२३मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यात उद्योगांना उत्पादनाच्या एककामागे उत्सर्जनाचे लक्ष्य मिळते. डिसेंबर २०२३मध्ये तिला ऐच्छिक प्रकल्पांचा भाग जोडला गेला. बेसलाइन आणि अतिरिक्ततेचे प्रश्न याच दुसऱ्या भागात येतात.